दाजी, मी नावेत बसलो नव्हतो

कनेरगाव नाका,
मंगळवार, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप दाजींच्या दोन्ही चरणी (प्लास्टरमधल्या आणि मोकळ्या) मेहुणा विश्वंभरचा नमस्कार.

पायाची सूज उतरली का? ठणका कमी आहे का? डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवायला सांगितलाय, तो तुम्ही ठेवत नसणार आणि हळद शिजवायच्या कुकरपाशी खुर्ची टाकून माणसांवर ओरडत बसला असणार, हे मला इथे नाक्यावर बसून दिसतं. (जो माणूस दोन वर्षं धरणातल्या डुलत्या नावेत एकदाही पडला नाही, तो स्वतःच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरून घसरून पाय मोडून घेतो, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं तरी तुम्ही वडीलधारे, मी बोलणार नाही.) आक्काला नमस्कार सांगा, पण हे पत्र आल्याचं सांगू नका. आमच्याकडे आई बरी आहे, सौ. रुपा बरी आहे, ढाबाही बरा चालला आहे. मी बरा नाही. त्याचं कारण खाली येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुम्ही अंथरुणाला खिळल्यापासून तुमचा फोन आक्काच्या ताब्यात असतो. मी 'दाजींना दे' म्हटलं की ती फोन स्पीकरवर टाकते आणि मध्ये बसून राहते. मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जाणं तब्येतीला बरं नाही. माझ्या तब्येतीला. म्हणून हा कागद. आपला टेम्पोवाला मुन्ना उद्या वसमतला निघाला आहे, वाटेत शिरडला थांबून तो हे पाकीट थेट तुमच्या हातात देईल. त्याला मी बजावलं आहे की आक्का दारात दिसली तर पाकीट खिशातच ठेव आणि पाणी पिऊन निघून जा.

तर परवाचं. तुम्हीच मला इसापूरच्या धरणावर पाठवलंत, हे आधी ध्यानात घ्या. पोरगी एकटी कशी जाईल, तू नुसता सोबत जा, असं तुमचं म्हणणं. काम साधं होतं. हंगेरीत शिडाच्या नावांची जी जागतिक स्पर्धा आहे, तिच्या आधीची ही शेवटची शर्यत, जी जोडी तिथे पाण्यात उतरणार नाही तिचं नाव हंगेरीच्या यादीतून कटणार, तेव्हा प्रतिक्षाने जाऊन हात जोडून सांगायचं की माझ्या जोडीला माझे वडील आहेत, त्यांचा पाय मोडला आहे, आमचं नाव राहू द्या. आणि मी मामा म्हणून शेजारी गंभीर तोंड करून उभं राहायचं. तोंड गंभीर करणं मला जमतं. आक्काने निघताना फोनवर माझ्याकडून वचन घेतलं ते तुम्ही ऐकलंच असेल, तुम्ही शेजारच्याच खाटेवर होता. "काठावरच उभा राह्य इश्वंभर. पाण्यात पाय बी घालू नको. अन् लेकरासंगं नावेत तर अजाबात न्हाई." मी व्हय म्हटलं. मनापासून म्हटलं. दाजी, मला विहिरीतसुद्धा पायरी धरूनच पोहता येतं, मी कशाला नावेत जातो?

शिवाय ती गोष्ट आहेच. मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये. तुम्ही हसता हे मला माहीत आहे, पण तुम्ही आक्काच्या पाठीमागे हसता, हेही मला माहीत आहे. आमच्या घरात ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आमच्या मावशीचं लग्न पैनगंगेच्या पलीकडे होतं, तेव्हा पूल नव्हता. नवरी पहिल्या खेपेला नावेतून गेली आणि तिच्या मामाला रिवाजाप्रमाणे दुसऱ्या खेपेसाठी अलीकडे ठेवलं. नावाडी पलीकडे पोचला, त्याला लग्नघरची जिलबी दिसली आणि तो जो पंगतीला बसला तो उठेचना. तिकडे गुरुजी 'मामा, मुलीला घेऊन या' म्हणून घसा कोरडा करतायत आणि मामा अलीकडच्या काठावर धोतर खोचून हात हलवतोय. मुहूर्त गेला. (नवरदेवाकडची माणसं अजून त्यावरून बोलतात.) पण आई ही गोष्ट सांगते ती हसायला म्हणून नाही. मुहूर्त घालवला पण मामा-भाचीला एका नावेत बसवलं नाही, एवढी आपली माणसं समजदार होती, हे सांगायला ती सांगते. अशा घरातला मी.

आता तुमचे गुलाबसिंग सर. सारं आयुष्य नौदलात काढलेल्या माणसाला म्हातारपणी आपल्याच जिल्ह्यात येऊन लेकरांना शिडाची नाव शिकवायची बुद्धी काहून झाली, हे देव जाणे. प्रतिक्षाचं सगळं बोलणं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. तुमच्या पायाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मग त्यांची नजर तिच्यावरून माझ्यावर आली आणि माझ्या पोटावर थांबली. दाजी, बाजारात बैल पारखणारी माणसं अशी बघतात. त्यांनी विचारलं, "वजन कितना है आपका?" मी लाजेखातर थोडं कमी करून सांगितलं. तरी त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी वारा पिसाळला होता, हलक्या अंगाच्या जोड्या सरावातच उलट्यापालट्या होत होत्या, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे अशा वाऱ्याला नाव सरळ ठेवायला वजनदार माणसासारखं औषध नाही. नियमात रक्ताच्या नात्यातलं चाळिशीच्या पुढचं कोणीही चालतं. मामाही चालतो. मी म्हटलं, मामा चालत नाही, आमच्यात मामाच तेवढा चालत नाही. त्यांना ते कळलं नाही. पण प्रतिक्षाला कळलं. ती खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली, परत जायची तयारी म्हणून, आणि नाडी सुटत असतानाही ती सोडतच राहिली. दाजी, तुमच्या लेकीला रडताना मी लहानपणी पुष्कळदा बघितलंय, ती मोठ्याने रडणारी पोरगी आहे. अशी गप्प कधी बघितली नव्हती. मी म्हटलं, कुठं आहे ती तुमची नाव?

अंगावर तरंगायचं जाकीट चढवलं ते पोटावर बंद होईना. दोन मोठ्या माणसांनी दोन्हीकडून ओढून बंद केलं. पाकीट, चष्मा आणि ढाब्याच्या किल्ल्या मी शेवभाजी बांधून द्यायच्या पिशवीत गाठ मारून खिशात ठेवल्या, कारण बुडालोच तर निदान किल्ल्या रुपाला मिळाव्यात. आणि दाजी, आता तक्रारीला सुरुवात करतो. दोन वर्षांत तुम्ही आम्हाला जेवताखाता नावेच्या गोष्टी ऐकवल्या. शिडाखालचं ते आडवं दांडकं नाव वळली की या बाजूचं त्या बाजूला येतं, आणि येताना मध्ये कोणाचं डोकं आहे याची चौकशी करत नाही, हे एकदा तरी सांगायचं होतं. मला ते टेंगूळ आल्यावर कळलं. दुसरं, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला नाव सरळ जातच नाही, नागमोडी जाते, हेही तुम्ही पोटात ठेवलंत. ज्याला वळसा घालायचा तो पिवळा फुगा समोर हिंगोलीच्या अंगाला तरंगतोय आणि पोरगी नाव घेऊन चाललीये पुसदकडे. मला वाटलं ही घाबरून रस्ता चुकली. मी मामाच्या मायेने समजावून सांगायला लागलो की बाळा, फुगा तिकडं आहे. त्यावर ती जे बोलली ते मी लिहीत नाही, ती तुमची मुलगी आहे.

ही दुसरीच पोरगी आहे, दाजी. काठावर 'मामा, तुमी चहा घेतला का' म्हणणारी. पाण्यात उतरल्याबरोबर तिचं 'तुमी' गेलं, 'जी' गेलं, सगळं गेलं. "मामा, बाहेर लटक. अजून. अजून लटक. पोट आत काहून घेऊन राहिला, बाहेर काढ." जन्मभर सगळ्या जगाने मला पोट आत घे म्हणून सांगितलं, आणि ही एकटी पोरगी पोट बाहेर काढ म्हणाली. नावेच्या तळाला एक पट्टा असतो, त्यात पाय अडकवायचे आणि बाकीचा माणूस नावेबाहेर पाण्यावर आडवा धरायचा. डोळ्यांपुढे नुसतं आभाळ, पाठीखाली पाणी. मी औंढ्याच्या नागनाथाचं नाव घेत होतो. (इथे एक मुद्दा नोंदवून ठेवतो, पुढेमागे उपयोगी पडेल. रिवाज असं म्हणतो की मामाने भाचीसोबत नावेत बसू नये. मी पूर्ण शर्यतभर नावेबाहेर लटकलेलो होतो. माझे फक्त पाय नावेत होते. आक्काने विषय काढला तर हे तुम्ही आपणहून सुचवल्यासारखं बोलावं.)

पहिली फेरी अशी कशीबशी पार पडली आणि आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटची जोडी शेवटी का आली, तर ती आम्हाला हसत होती. दुसऱ्या फेरीला मला थोडा जोर आला. वाटलं, जमतंय. तिथेच घोटाळा झाला. एका वळणावर प्रतिक्षाने हुकूम सोडला, मी चपळाईने बाजू बदलली, पण ती चुकीची बाजू होती. आमचं दोघांचं वजन एकाच अंगाला आलं, शीड पाण्याला टेकलं आणि नाव सावकाश आडवी झाली.

दाजी, इथून पुढचं मला थट्टेने लिहिता येत नाही. मी वर आलो तो शिडाखाली आलो. वर पांढरं कापड, खाली काळं पाणी, आणि पोरगी कुठेच नाही. मी तिला हाक मारली तर तोंडात पाणी गेलं. त्या वेळी मला आक्काचं तोंड दिसलं. ते रागावलेलं नव्हतं. ती नुसती दारात उभी होती आणि मी एकटाच घरी आलो होतो. तेव्हा मला कळलं की आपल्या माणसांनी तो रिवाज कशासाठी पाडला असेल. बाईचं माहेर आणि बाईचं लेकरू एकाच फळीवर ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. एक गेलं तर दुसरं उरावं. इतकी वर्षं मी तो पाळला, पण त्याचा अर्थ मला त्या कापडाखाली कळला.

मी कापड ढकलत ढकलत बाहेर आलो तर तुमची लेक उलट्या नावेच्या पलीकडच्या बाजूला पाण्यात मला शोधत होती आणि 'मामा, मामा' म्हणून अशी ओरडत होती की आवाज फाटला होता. मी दिसल्यावर तिने आधी मला शिवी दिली, मग माझ्या जाकिटाला धरून रडली. मीही रडलो. (पाण्यात रडण्याचा फायदा असा की कोणाला दिसत नाही.) मग तिने डोळे पुसले आणि नावेच्या पोटातून बाहेर आलेल्या फळीवर मला चढायला लावलं. गुलाबसिंग सर मदतीची मोटारबोट घेऊन आले होते. पण त्यांनी हात लावला तर फेरी बाद, म्हणून ते नुसते बघत थांबले. ती एकटी त्या फळीवर नाचली असती तरी नाव उठली नसती. मी चढलो आणि अख्खी नाव एखाद्या आज्ञाधारक म्हशीसारखी उठून उभी राहिली. तुमच्या काटकुळ्या अंगाने हे झालं नसतं, असं सर म्हणाले. मी म्हणत नाही.

आम्ही फेरी पुरी केली. त्यानंतरच्या फेऱ्याही केल्या. एकात तर आमच्या मागे बऱ्याच नावा होत्या, आणि त्या हसत नव्हत्या. संध्याकाळी यादी वाचली त्यात तुमच्या लेकीचं नाव राहिलं. मी काठावर चिखलात बसलो. तिथे ती माझ्या शेजारी येऊन बसली, परत 'तुमी'वर आली आणि म्हणाली, "मामा, आईला कोण सांगल?" मी म्हटलं, बघू. तेव्हापासून मला धड झोप नाही. डोळा लागला की खाट एका अंगाला कलते.

तर दाजी, हात जोडून सांगतो. जे झालं ते पोरीसाठी झालं. माझा यातला भाग संपला. मी पुन्हा नावेत पाऊल टाकणार नाही, धरणाच्या दिशेच्या रस्त्यालाही लागणार नाही. तुमचा पाय लवकर बरा होवो, हीच नागनाथापाशी प्रार्थना. डॉक्टरांनी जरा घाई करावी, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. लहानांना आशीर्वाद, आक्काला नमस्कार (वर लिहिल्याप्रमाणे, पत्राचा उल्लेख न करता).

आपला आज्ञाधारक,
विश्वंभर

ता.क. बुधवारचा पेपर आक्काच्या हाती लागू देऊ नका. जिल्ह्याच्या पानावर शर्यतीचा फोटो येणार आहे, असं फोटो काढणाऱ्याने सांगितलंय. फोटोत प्रतिक्षा छान दिसते आहे. तिच्या शेजारी जे मोठं काहीतरी नावेबाहेर लटकतंय, ते माणूस आहे हे पटकन ओळखू येत नाही, पण आक्का मला लहानपणापासून ओळखते. तो पेपर हळदीखाली अंथरून टाका.

ता.क. २. वर मी नावेत पाऊल टाकणार नाही असं लिहिलं आहे, ते पत्राच्या ओघात लिहिलं गेलं. गुलाबसिंग सरांचा निरोप आला. डॉक्टर तुम्हाला पावसाळ्याच्या आत नावेत बसू देणार नाहीत, ही गोष्ट तुम्ही त्यांना कळवलीत आणि मला कळवली नाहीत. स्पर्धा त्याआधी आहे. दुसरा रक्ताचा माणूस नाही. मी पासपोर्टसाठी फोटो काढून आलो. (रुपाला ढाब्याच्या लायसनचे आहेत असं सांगितलंय.) आठवड्यातून दोनदा मुन्ना मला इसापूरला सोडणार आहे, त्याला वाटतं मी मासळीचा धंदा बघतोय. आता खरं काम सांगतो, ज्यासाठी हे पाकीट पुन्हा उघडलं. प्रतिक्षा म्हणते, आईने तोंडाने 'जा' म्हटल्याशिवाय मी मामाला घेऊन पाण्यात उतरणार नाही, एकदा मामा दिसंना झाला तेवढं पुरं झालं. ती हट्टाला पेटली की कोणावर जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आक्काकडून तेवढा एक शब्द तुम्ही काढून द्यावा. पाय मोडलेल्या माणसावर ती ओरडणार नाही, असा माझा अंदाज आहे. माझे मात्र दोन्ही पाय धड आहेत.

ता.क. ३. मुन्नाच्या टेम्पोचा पट्टा तुटला, म्हणून हे पाकीट बुधवार उलटला तरी माझ्याच गल्ल्यावर पडून आहे. तेवढ्यात आक्काचा फोन आला. तुमच्या शेजारच्या चंदाबाईंनी पेपर आणून तिच्यापुढे धरला. मी लगेच नावेबाहेर लटकण्याचा मुद्दा मांडला. तिने तो ऐकून घेतला. मग तिने एवढंच विचारलं की उलटल्यावर तू आधी काय केलंस. मी म्हटलं, पोरीला शोधलं. ती म्हणाली, पोरगी बी तेच सांगून राहिली, मामाला शोधलं म्हणून. मला वाटलं आता शिव्या येतील. मी फोन कानापासून जरा लांब धरला. दाजी, ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "माझं माहेर बी त्याच नावेत, अन् लेकरू बी त्याच नावेत. मंग म्या एकटी काठावर उभी राहून काय करू? मलाबी बसवा तुमच्यात. जायचं तर समदे मिळून जाऊ, यायचं तर समदे मिळून येऊ." रडत नव्हती. ठरवून बोलत होती. दुपारी रुपाला फोन करून तिने परदेशात नेसायला कोणती लुगडी बरी म्हणून विचारलं. तेव्हा वरचं ते शब्द काढून द्यायचं काम आता राहू द्या. फक्त नावेत दोनच माणसं बसतात, हे तिला तुम्ही सांगा. मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, मंग तूच नीट सरकून बस.